काळ्या जाळीचा हक्क

आपली शवपेटी दुकानातच ठेवायची, हे म्हातारीनं स्वतःच ठरवून ठेवलं होतं. ज्या टेबलावर चर्चला जाणाऱ्या बायकांच्या जाळ्यांसाठी जन्मभर नेट कापली, त्याच टेबलावर. खरं तर दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली होती आणि काचेच्या कपाटात रिकाम्या रिळांशिवाय काही उरलं नव्हतं, पण त्या खोलीला घरात अजून सगळे दुकानच म्हणत. चारला चर्चमध्ये मिस्सा, तीनला गाडी, त्याआधी झाकण लावायचं. सकाळचे अकरा वाजले होते आणि रडणं एव्हाना उरकलं होतं. आता कामं वाटून घेणं आणि एकमेकांच्या कामात खोट काढणं चाललं होतं.

ताई पेटीच्या उशाशी उभी राहून आईच्या डोक्यावरची जाळी सारखी करत होती. काळी जाळी, कडेनं द्राक्षाच्या वेलाची नक्षी. आईनं ती लग्नाआधी स्वतः भरली होती आणि पुढची बासष्ट वर्षं ती डोक्यावर घेतल्याशिवाय चर्चची पायरी चढली नव्हती. आजही चढणार नव्हती. जाळी नीट बसली तरी ताईचे हात तिथून निघेनात, कारण निघाले तर त्यांना दुसरं काम शोधावं लागलं असतं.

धाकटी साडेअकराला टॅक्सीतून उतरली. धाकटी दातांची डॉक्टर, राहायला दुसऱ्या शहरात, घरी यायची ती वर्षातून दोनदा आणि घड्याळाकडे बघत. तिनं आईच्या कपाळाला हात लावला, ताईला मिठी मारली, मावशीच्या पाया पडल्यासारखं काहीतरी केलं आणि विचारलं, "फोन चार्ज करायला कुठे लावू?"

मावशी खिडकीपाशी खुर्ची टाकून जपमाळ ओढत होती. म्हातारीची ही एकुलती एक बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, पण कान तिखट. "आधी बस तरी," ती म्हणाली. "अक्का काही पळून जात नाही आता."

एवढ्यात भावजयीला काळा दोरा हवा झाला. भाऊच्या कोटाचं बटण तुटलं होतं, आणि औषधाच्या दुकानात उभा जन्म काढलेल्या भाऊला गोळ्या मोजण्यापलीकडे हातानं काही करता येत नसे. भावजयीनं मशीनखालचा ड्रॉवर ओढला आणि दोऱ्याऐवजी पातळ कागदात गुंडाळलेलं काहीतरी वर काढलं.

"अय्या, ही काळी जाळी कोरी दिसतेय. कुणाची राहिली?"

ताईनं मान वर केली नाही. "माझी आहे."

मावशीची जपमाळ थांबली. "तुझी म्हणजे?"

"म्हणजे आज मी घालणार आहे."

या घरात बाईच्या डोक्याला दोनच रंग होते. पहिल्या कम्युनियनला, आठ-नऊ वर्षांची असताना, पांढरी जाळी मिळायची. लग्नाच्या दिवशी, नवऱ्याचा हात धरून चर्चबाहेर पडण्याआधी, आई ती उतरवायची आणि स्वतःच्या हातानं काळी चढवायची. हे कुठे लिहून ठेवलंय असं कुणी विचारलं नाही, कारण दुकानच त्यावर चालायचं. गिऱ्हाईक आलं की गल्ल्यामागून पहिला प्रश्न हाच, की लग्न झालंय का. मग त्याप्रमाणे डबा उघडायचा. या हिशेबानं ताई वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पांढऱ्या जाळीत होती. केसही पांढरे, जाळीही पांढरी. दर रविवारी ती डावीकडच्या बाकावर आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या रांगेत बसायची, आणि त्यांतल्या एकीनं मागच्या वर्षी अगदी मायेनं विचारलं होतं, "आजी, तुमचं लग्न कधी आहे?" ताई हसली होती. घरी आल्यावर तिनं ते आईला सांगितलं, आणि आईही हसली होती. आईचं ते हसणं ताईला अजून टोचत होतं.

काळी जाळी तिनं तीन आठवड्यांपूर्वी शिवली. डॉक्टरांनी हात टेकले त्याच संध्याकाळी. घरात उरलेला काळ्या नेटचा तो शेवटचा तुकडा. आतल्या खोलीतून आईनं विचारलं होतं, "मशीन कसलं चाललंय गं?" आणि ताईनं सांगितलं होतं, "उशीचे अभ्रे." आई जिवंत असताना आपण तिच्या दुखवट्याचं शिवत बसलो, याची तिला लाज वाटली होती. पण शिवणं काही तिनं थांबवलं नव्हतं.

"आई गेली म्हणून लेकीचं लग्न होत नाही," मावशी म्हणाली.

"मला लग्न नकोय मावशी. मला दुखवट्याचं काळं हवंय."

"अंगावर आहे की काळं. डोक्यावरचं वेगळं. ते दुखवट्याचं नसतं, लग्नाचं असतं. शंभर जाळ्या तुझ्या हातून गेल्या, तुला मी सांगू?"

"माझ्या हातून हजारो गेल्या. म्हणूनच एक मला हवी."

"घालू दे ना तिला," धाकटी फोनच्या वायरशी झटापट करत म्हणाली. "कोण बघतंय आता? चर्चमध्ये पन्नास बायका असल्या तर त्यांतल्या चाळीस उघड्या डोक्यानं येतात."

"या घरातल्या येत नाहीत," मावशी म्हणाली.

भावजय चटकन ताईच्या बाजूनं झाली. तिचं सासूशी कधीच पटलं नव्हतं आणि आज सासूला उलट उत्तर देता येणार नव्हतं. "मला तर वाटतं, फादरनाच विचारावं. ते सांगतील तसं."

फादर बाराला आले. तिशीचा पोरगेला माणूस, हातात हेल्मेट, या चर्चमध्ये येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्यांनी पेटीपाशी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. भाऊनं घसा खाकरून प्रश्न मांडला. भाऊ रविवारी चर्चमध्ये वाचन करायचा, त्यामुळे घरातलं साधं बोलणंही तो वाचून दाखवल्यासारखं बोलायचा.

फादर गोंधळले. "अहो, आता सक्तीच नाही. जुन्या नियमात डोकं झाकायचं होतं, नव्यात ते नाही. आणि पांढरं-काळं म्हणाल, तर तो नुसता रिवाज. काही ठिकाणी होता, काही ठिकाणी नव्हता. चर्चचा नियम असा तो कधीच नव्हता." मग ते ताईकडे वळून प्रेमानं हसले. "ताई, तुम्ही काहीही घाला. नाही घातलं तरी चालेल."

ताईला त्यांचा राग आला. मावशीचा आला नव्हता तेवढा. जे तिनं पन्नास वर्षं डोक्यावर वागवलं, ते हा मुलगा हेल्मेट काखेत मारून 'काहीही चालेल' म्हणत उडवून लावत होता. चालत होतं, तर मग आजवर कुणी सांगितलं का नाही? फादर गेले.

"झालं तर मग," भावजय म्हणाली. "प्रश्न मिटला."

"मिटला कसा?" भाऊ म्हणाला. "लोक विचारतील. तिला आयुष्यभर पांढऱ्यात पाहिलंय सगळ्यांनी. आज एकदम काळी? नाही नाही ते तर्क काढतील."

"या वयात माझे काय तर्क काढणार?" ताई म्हणाली.

"वयाचं नाही गं. आईचं नाव आहे चर्चमध्ये."

मावशीनं जपमाळ गुंडाळून मुठीत घेतली. आतापर्यंत राखून ठेवलेलं ती आता काढणार, हे ताईला त्या मुठीवरूनच कळलं. "अक्कानं शेवटच्या आठवड्यात मला बोलावून सांगितलंय. माझ्या पेटीमागं माझी मोठी पांढऱ्या जाळीत चालू दे. सगळ्यांना दिसू दे, की मी एक लेक देवाला दिली. हा तिचा शेवटचा शब्द आहे. आता मोडायचा असेल तर मोडा."

शेवटचा शब्द म्हटल्यावर भावजयीचंही बळ गेलं. तिनं ड्रॉवरमधला दोरा काढून सुईत ओवायला घेतला.

"कधी दिली?" ताईनं विचारलं.

"काय कधी?"

"मला. देवाला कधी दिलं?"

मावशीला खरंच आश्चर्य वाटलं. "असं काय विचारतेस? वचन तुझंच ना. त्या चष्मेवाल्याला अक्कानं तेच तर कळवलं होतं, की माझ्या मुलीनं देवाला वचन दिलंय, ती लग्न करणार नाही."

चष्मेवाला हा शब्द त्या घरात बत्तीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं. जाळीकाम डोळे खातं, म्हणून ताई दर सहा महिन्यांनी त्याच्याकडे नंबर तपासायला जायची, आणि मग दर तीन महिन्यांनी जाऊ लागली. नंबर बदलत नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. एके दिवशी भिंग डोळ्यांसमोर धरून तो म्हणाला होता, "रविवारी तुमच्या आईशी बोलायला येतो." रविवारी तो आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. एकोणतीस वर्षांची ताई महिनाभर दार वाजलं की केस सारखे करत होती. मग तिनं मनाशी धरलं, की त्याला आपल्यापेक्षा बरी कुणी मिळाली असेल, आणि चष्म्याचं दुकान बदललं. वर्षानं त्याच्या होणाऱ्या बायकोची काळ्या जाळीची ऑर्डर आली. आईनं ती घेतली आणि काही न बोलता ताईच्या पुढ्यात ठेवली. ताईनं ती जाळी शिवली, एकही टाका न चुकता. चांगली झाली होती.

"मी कुणाला कसलंही वचन दिलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज साधाच निघाला, एखाद्याला भाव सांगावा तसा.

मावशीनं भाऊकडे पाहिलं. भाऊ कोटाच्या तुटक्या बटणाकडे पाहत होता.

"तुला माहीत होतं?" ताईनं विचारलं.

"मी लहान होतो तेव्हा."

"सव्वीस वर्षांचा होतास."

"आईनं चिठ्ठी दिली. मी नेऊन दिली. मी वाचलीही नव्हती."

"वाचली नव्हतीस, तर माहीत कसं?"

भाऊला या प्रश्नाचं उत्तर टाळता आलं असतं, पण पेटी समोर होती. "त्यानं वाचून दाखवली. विचारलं, हे खरं आहे का म्हणून."

"आणि तू?"

"हो म्हणालो." मग एकदम त्याचा आवाज चढला. "काय म्हणणार होतो? तू गेली असतीस तर दुकान कुणी बघायचं? बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. आईचे डोळे अधू झालेले. माझी परीक्षा राहिली होती. हिचं शिक्षण अख्खं पुढे होतं. दातांची डॉक्टर काय हवेतून झाली ही?"

"मला मध्ये घेऊ नकोस दादा," धाकटी म्हणाली. "मी वीस वर्षांची होते. मला कुणी काही सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर शिकायला गेली नसतीस?"

थोड्या वेळापूर्वी धाकटी ताईच्या बाजूनं होती. ताईला स्पष्ट दिसलं, की धाकटी आता तिथून एकेक पाऊल मागे सरकतेय. ज्या कॉलेजमध्ये आपण शिकलो, त्याचा ताईशी काही संबंध आहे, हे तिला आज ऐकायचं नव्हतं. कुठल्याच दिवशी ऐकायचं नव्हतं.

"ताई," ती मऊ आवाजात म्हणाली, पेशंटला तोंड उघडायला सांगताना वापरत असेल तशा. "झालं ते फार वाईट झालं. पण आज हा विषय नको. तीन तास उरलेत. आईला नीट पोचवू, मग आपण बसून बोलू."

"तू रात्रीच्या गाडीनं परत जाणार आहेस."

"फोनवर बोलू."

मावशीनं संधी साधली. भांडणातून हुकूम कधी काढायचा, हे या घराण्यातल्या बायकांना बरोबर कळतं. "तू डोक्यावर काय घेणार आहेस?" तिनं धाकटीला विचारलं.

"मी काही आणलं नाही."

"अक्काच्या पेटीमागं तिची लेक उघड्या डोक्यानं चालणार?" मावशी उठली, मशीनवरची कोरी काळी जाळी उचलली आणि धाकटीपुढे धरली. "ही घे. हिला हिची पांढरी आहे. तू लग्नाची आहेस."

धाकटीचा नवरा सोडून जाऊन दहा वर्षं झाली होती आणि कोर्टाचे कागदही तिच्या हातात होते. भावजयीनं नेमकं तेच बोलून दाखवलं.

"कोर्टाचं कोर्टापाशी," मावशी म्हणाली. "देवापुढं लागलेलं लग्न कागदानं सुटत नाही. ती काळ्याचीच."

आता धाकटी नाही म्हणेल, असं ताईला वाटलं. चाळीस उघड्या डोक्यांचा हिशेब तिनंच मांडला होता. धाकटीनं जाळीकडे पाहिलं, भाऊकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "मावशीला बरं वाटत असेल तर घालते बाई," ती म्हणाली. "वाद नको. ताई, तुला चालेल ना?"

भावजय चहा बघायला आत निघून गेली. भाऊनं सुटकेचा श्वास सोडला, आणि तो सगळ्यांना ऐकू आला.

"खाली बस," ताई धाकटीला म्हणाली. तिनं पिना घेतल्या आणि जाळी धाकटीच्या आखूड केसांवर बसवली. दोन कानांमागे, एक माथ्यावर. आखूड केसांवर जाळी घसरते म्हणून माथ्यावर आणखी एक. "मान सरळ ठेव." जाळी धाकटीला छान दिसली. ताईच्या मापाची होती, आणि दोघींचं डोकं आईवर गेलेलं.

पावणेतीनला माणसं आली. तिघे, काळे कोट, हातात स्क्रू आवळायचा पेचकस. त्यांतला वयस्क माणूस म्हणाला, "बघून घ्या सगळ्यांनी, मग लावतो."

"मला पाच मिनिटं एकटीला द्या," ताई म्हणाली.

ते कुणी नाकारणार नव्हतं. उलट सगळ्यांना बरंच वाटलं. आता रडेल, मोकळी होईल, पांढरी जाळी घालून गाडीत बसेल. दार लोटून सगळे बाहेर गेले.

ताई आईकडे पाहत उभी राहिली. "मला विचारलं असतंस तर मी राहिले असते," ती म्हणाली. "त्याला नाही म्हणून सांगितलं असतं आणि राहिले असते. तुला ठाऊक होतं ते. तरी विचारलं नाहीस."

मग तिनं आईच्या डोक्यातल्या पिना काढल्या. आईनंच शिकवलं होतं त्या क्रमानं, आधी माथ्यावरची, मग कानांमागच्या, म्हणजे नेट ओढली जात नाही. जाळी हलकेच वर आली. खाली विरळ केस, त्यांतून दिसणारी गुलाबी कातडी. न्हाऊ घालताना हे डोकं तिनं रोज पाहिलं होतं, तेव्हा ते तिला लहान मुलासारखं वाटायचं. आज नुसतं उघडं वाटलं. आपली पांढरी जाळी त्यावर घालावी असं क्षणभर मनात आलं. पण कुणाला काही देण्याची तिची हौस संपली होती. तिनं काळी जाळी घडी घालून पर्समध्ये ठेवली, पेटीतलं अस्तर आईच्या हनुवटीपर्यंत ओढलं आणि दार उघडलं.

"लावा झाकण," ती त्या वयस्क माणसाला म्हणाली, आणि स्वतः दारातच उभी राहिली.

"थांबा, मला एकदा बघू दे," भाऊ म्हणाला.

"सकाळपासून बघत होतास," ताई म्हणाली. "वेळ झाली."

माणसानं भाऊकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि कुणाचं ऐकायचं हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. आत जाऊन त्यानं झाकण सरकवलं. स्क्रू आवळल्याचा आवाज भाऊ दाराबाहेर उभा राहून ऐकत राहिला.

चर्चच्या दारात पेटी खांद्यांवर घेतली गेली. भाऊ पुढे होता, धाकटी आणि भावजय मागे. ताई गाडीतून सगळ्यांत शेवटी उतरली, गाडीच्या काचेत बघून जाळी डोक्यावर घेतली आणि पेटीमागे चालू लागली. वेलाची नक्षी तिच्या कपाळावर आली होती. धाकटीनं वळून पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं. एक काळी जाळी आणखी कुठे तरी सापडली असेल, एवढंच तिला वाटलं असणार. जाळ्यांत तिनं कधी लक्षच घातलं नव्हतं.

मावशी पहिल्या बाकावर आधीच बसली होती. ताई लग्न झालेल्या बायकांच्या, उजवीकडच्या त्याच बाकावर, तिच्या शेजारी येऊन बसली. मावशी रागानं वळली. बोलायला तोंड उघडलं, आणि तिची नजर द्राक्षाच्या वेलावर अडकली. ती नक्षी तिनं बासष्ट वर्षं रविवारी रविवारी पाहिली होती. तिनं पेटीकडे पाहिलं. पुन्हा जाळीकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला, आणि ताईनं तो पूर्ण पडेपर्यंत नजर काढली नाही.

मावशीला उठून ओरडता आलं असतं. सगळ्या गावासमोर पेटी उघडायला लावता आली असती. मग सगळ्या गावानं अक्काचं उघडं डोकं पाहिलं असतं. ती बसून राहिली. जाळीला आईच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता, आणि ताईला एकाएकी रडू फुटलं. तिला वाटलं होतं, आपल्याला आता बरं वाटेल. मागच्या बाकावरून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, की लेक असावी तर अशी.

गाणं संपल्यावर मावशी ओठ न हलवता म्हणाली, "अक्काला उघडी पाठवलीस."

"हो."

"देव तुला विचारेल."

"विचारू दे," ताई डोळे पुसत म्हणाली. "आजवर मला कुणी काही विचारलेलंच नाही."

फादरनी हात वर केले, आणि सगळ्यांबरोबर तीही प्रार्थनेला उभी राहिली.